शिक्षा संपली, सुटका अडली

महोदय,
डहाणू-पालघरचे खलाशी ओखा-पोरबंदरच्या बोटींवर जातात आणि कच्छ-सिंधच्या सीमेवरच्या सर खाडीच्या (सर क्रीक) आसपास पाकिस्तानच्या हाती सापडतात. तिथली सागरी हद्द मुळात ठरलेलीच नाही! आपापल्या समुद्रावर प्रत्येक देशाचा हक्क मान्य, पण संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराच्या कलम ७३ नुसार, दोन देशांत वेगळा करार नसेल तर, अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या (किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, पण प्रादेशिक समुद्राबाहेरच्या पट्ट्यातल्या) मासेमारीला कैदेची शिक्षा नाही. २००८ चा भारत-पाक करारही सांगतो: तीन महिन्यांत कैद्याला आपल्या देशाच्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांची भेट, शिक्षा संपून नागरिकत्व पटल्यावर महिन्याभरात सुटका. गाडं अडतं ते पडताळणीत. पाड्याचा पत्ता अर्धवट, आधारवर नाव एक, बोटीच्या कागदांवर दुसरंच. त्यामुळे खलाशाच्या आधारची प्रत आणि फोटो तो बोटीवर निघण्याआधीच ग्रामपंचायतीत ठेवावेत. दोन्ही देश १ जानेवारी व १ जुलैला कैद्यांच्या याद्या देतात. त्यात नाव आहे का, हे प्रशासनाने घरच्यांना लेखी कळवावं.

– एक वाचक, डहाणू