गुण शेताला द्या, कागदाला नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निसर्गसंवर्धनाच्या चर्चेत शेतकरी बहुधा दोनच रूपांत दिसतो: नुकसान करणारा किंवा अनुदान घेणारा. ओढा, बांध, गवताळ पड यांच्यावर रोज नजर असते ती मात्र त्याचीच. म्हणून सरकारी यंत्रणांनी त्याला लाभार्थी न समजता भागीदार करावं. त्याला मोबदलाही अटी पाळल्याचा नव्हे, शेतात प्रत्यक्ष काय जगलं त्याचा मिळावा, असं माझं ठाम मत आहे.

आयर्लंडच्या पश्चिमेला बरेन नावाचा चुनखडीचा खडकाळ प्रदेश आहे. तिथे जगरहाटीच्या उलट, गुरं हिवाळ्यात डोंगरावर चरायला नेतात आणि उन्हाळ्यात खाली आणतात. हिवाळ्यात वाळकं गवत खाल्लं गेलं की वसंतात उजेड जमिनीपर्यंत पोहोचतो आणि जेन्शियनची निळीशार फुलं वर येतात. पुढे गुरांना सायलेज, म्हणजे आंबवून साठवलेला हिरवा चारा, घालण्याची पद्धत वाढली, डोंगरावरची चराई घटली आणि हेझलच्या झुडपांनी माळ व्यापायला सुरुवात केली. म्हणजे गुरं हटवून नव्हे, नीट चारूनच ती फुलं टिकणार होती. जुन्या शेतकऱ्यांना हे ठाऊकच होतं. २००५ ते २०१० या काळातल्या बरेनलाइफ प्रकल्पात शास्त्रज्ञ, सरकारी खाती आणि शेतकरी संघटना एकत्र बसल्या, तेव्हा त्या अनुभवाला धोरणात जागा मिळाली.

त्यानंतरच्या योजनेत प्रत्येक कुरणाला १ ते १० गुण मिळू लागले. चराई पुरेशी झाली का, मेलेल्या गवताचा थर किती, चारा घालण्याच्या जागी चिखल झाला का, झऱ्याचं पाणी गढूळलं का, झुडपं किती पुढे सरकली, हे सल्लागार शेतात फिरून पाहत असे. गुण चढले की पैसे वाढत. झुडपं कुठली तोडायची, पाण्याची टाकी कुठे बसवायची, दगडी गडगा कुठे दुरुस्त करायचा, हे शेतकरी स्वतः सुचवत असे आणि खर्चाचा काही भागही उचलत असे. या पद्धतीतली मला सर्वांत मोलाची गोष्ट ही की, गुण कशाने वाढतात हे शेतकऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. ‘अमुक तारखेनंतर गुरं सोडू नका’ असा सरसकट हुकूम त्याला काहीच शिकवत नाही.

यात एक अडचण आहे, ती लपवू नये. अवर्षण पडलं किंवा शेजारच्या पाण्याचा त्रास झाला, तर मेहनत करूनही गुण घसरतात. म्हणून मोबदल्याचा काही भाग कामापोटी ठरलेला असावा. निसर्गाचा सगळा धोका एकट्या शेतकऱ्याच्या माथी मारला तर त्याला भागीदारी म्हणता येणार नाही.

इंग्लंडच्या डेव्हनमध्ये कापणीनंतर बार्लीची तणकट धसकटं हिवाळाभर तशीच ठेवण्यासाठी शेतकऱ्यांशी करार झाले. तिथल्या सर्ल बंटिंग या भारीट कुळातल्या पक्ष्याला त्या धसकटांत थंडीभर दाणे मिळू लागले. १९८९ मध्ये देशात जेमतेम ११८ जोड्या उरल्या होत्या, २०१६ च्या गणनेत त्या हजाराच्या वर गेल्या. पक्षीसंस्थेचे लोक बांधावर जाऊन शेतकऱ्यांशी बोलत राहिले, हेही त्यामागचं मोठं कारण.

कराराची मुदत हा माझ्या मते सगळ्यांत दुर्लक्षित मुद्दा. अमेरिकेत १९८५ च्या कायद्याने धूप होणारी जमीन १० ते १५ वर्षं पिकाखालून काढून गवत-झाडांखाली ठेवण्याची योजना आली. २००७ पर्यंत तिच्यात साडेतीन कोटी एकरांहून जास्त जमीन होती. पुढे धान्याचे भाव चढले, सरकारने क्षेत्राची मर्यादाही घटवली, आणि करार संपलेली पुष्कळशी जमीन पुन्हा नांगराखाली गेली. गवताळ अधिवास जमायला वर्षानुवर्षं लागतात, मोडायला एक हंगाम पुरतो. सरकारने शब्द दिला तर तो पुढच्या अर्थसंकल्पापुरता नसावा.

आपल्या वृत्तपत्रात अशा योजनांच्या बातम्या येतात तेव्हा मंजूर रकमेचा आकडा ठळक असतो. त्यासोबत करार किती वर्षांचा आहे, मोबदला कशावर ठरणार आणि नियम लिहिताना शेतकरी समोर होते का, हेही छापावं, अशी कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक