व्हिवाल्डीचे गायनसंगीतही ऐकले जावे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अठराव्या शतकातील इटालियन संगीतकार अंतोनिओ व्हिवाल्डी याच्याविषयी जे लिहून येते, ते बहुतेक ‘फोर सीझन्स’ या त्याच्या व्हायोलिन-रचनांपाशी सुरू होऊन तिथेच संपते. त्याचे गायनसंगीत जवळजवळ दोन शतके कोणाच्या खिजगणतीत नव्हते, हे खरे. पण आता ती सबब चालणार नाही.

१९२६ मध्ये इटलीतील बोर्गो सान मार्तिनो येथील सलेशियन पाद्र्यांच्या विद्यालयाने आपल्याकडील जुनी हस्तलिखिते विकायचे ठरवले आणि तुरिनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे त्यांच्या किमतीची विचारणा केली. संगीताचे अभ्यासक अल्बेर्तो जेंतीली यांनी ते खंड तपासले, तेव्हा त्यांत व्हिवाल्डीच्या रचना असल्याचे आणि संग्रह अर्धाच असल्याचे त्यांच्या ध्यानात आले; उरलेला भाग जिनोआतील दुराझ्झो घराण्याकडे निघाला. ग्रंथालयापाशी पैसा नव्हता. रोबेर्तो फोआ आणि फिलिप्पो जोर्दानो यांनी एकेक भाग विकत घेऊन ग्रंथालयाला दिला. दोघांचेही लहान मुलगे दगावले होते, आणि ते संग्रह आजही माउरो व रेन्झो या मुलांच्याच नावांनी ओळखले जातात.

‘जुडिथा त्रिउम्फान्स’ हा १७१६ मधील ऑरेटोरिओ, म्हणजे अभिनयाविना गायली जाणारी धार्मिक संगीतकथा, याच हस्तलिखितांत होता. शत्रूचा सेनापती होलोफर्नेस याला ठार करणाऱ्या जुडिथाची ही कथा आहे. व्हेनिसच्या पिएता अनाथाश्रमातील गायिकांसाठी तो रचलेला असल्याने त्यातला होलोफर्नेसही स्त्रीच्याच आवाजात गातो. एका गीतात जुडिथा आपल्या दासीला सोबत बोलावते, तेव्हा शालुमो हे क्लॅरिनेटच्या आधीचे वाद्य तिच्या ओळींमधून पारव्यासारखे घुमत राहते. इतक्या थोड्या स्वरांत इतकी माया मी क्वचितच ऐकली आहे.

कपाटे अजून रिकामी झालेली नाहीत. संगीताच्या हस्तलिखित प्रती करून विकणाऱ्या व्हेनिसच्या बाल्दानने व्हिवाल्डीची काही धर्मगीते गालुप्पी या दुसऱ्या संगीतकाराच्या नावावर जर्मनीतील ड्रेस्डेनच्या दरबाराला विकली होती. त्यांतले ‘निसी डोमिनुस’ २००३ मध्ये आणि ‘दिक्सित डोमिनुस’ २००५ मध्ये व्हिवाल्डीचे म्हणून ओळखले गेले. ती पाने कुठे हरवली नव्हती, ग्रंथालयाच्या सूचीत रीतसर नोंदलेली होती. फक्त त्यांवरच्या नावावर सर्वांनी विश्वास ठेवला होता. म्हणूनच मला हरवलेली हस्तलिखिते शोधून काढणाऱ्याइतकाच ती पाने पुन्हा वाचणारा अभ्यासक मोठा वाटतो.

आपल्या संगीतविषयक पानावर या रचनांची ओळख करून द्यावी आणि तिची सुरुवात ‘जुडिथा’पासून व्हावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक