नाना पेठेतील त्या दोघांचे आभार

स्वारगेटच्या सिग्नलला इंजिन आपोआप थांबून पुन्हा सुरू होताना आमची ऑटोमॅटिक गाडी हिसके देऊ लागली, तेव्हा इंजिन बंद असताना गिअरबॉक्समधील तेलाचा दाब टिकवणारा विजेवरचा सहायक पंपच बदलावा लागेल, असे आम्हाला सांगण्यात आले होते. नाना पेठेतील ज्या वायरमनकाकांनी कनेक्टर सोडवून मोजलेल्या 12 व्होल्टवर विसंबून न राहता (भार नसताना खराब वायरही पूर्ण व्होल्टेज दाखवते), पंप चालू ठेवून पुन्हा मोजले आणि अर्थिंगच्या वायरीतच जवळपास 4 व्होल्ट खर्ची पडत असल्याचे शोधले, त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. भर पावसात गाडीखाली शिरून तो गंजलेला जोड घासून घट्ट करणाऱ्या त्यांच्या तरुण सहकाऱ्याचाही मी तितकाच ऋणी आहे. पंप जुनाच आहे आणि उत्तम चालतो आहे.