धडक देणाऱ्याचे लायसन कोणी मागत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मोटारीच्या धडकेत सायकलस्वार जखमी' ही चार ओळींची बातमी आपल्या जिल्हा पानावर वरचेवर असते. 'पुढील तपास हवालदार अमुक करीत आहेत' इथे ती थांबते. पुढचा भाग मी आतल्या बाजूने पाहिला आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात मी लिपिक होतो आणि अपघाताच्या खटल्यांचे रोजनामे, म्हणजे तारखेवार कामकाजाच्या नोंदी, लिहिण्यात नोकरीचा बराच काळ गेला.

गोष्ट बिघडते ती पहिल्या दोन दिवसांत. गाडीवाला स्वतःच्या पायांनी ठाण्यात येतो, बरोबर वकील नाहीतर एखादा वजनदार परिचित असतो. सायकलवाला त्या वेळी सरकारी दवाखान्यात सलाइन लावून पडलेला. त्याचा जबाब नोंदवायला कोणी जाईपर्यंत 'सायकल अचानक आडवी आली' ही हकिगत ठाण्यात मुरलेली असते. फिर्याद मात्र ठरलेल्या साच्यातच उतरते: 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून'. झोपेतून उठवले तरी मी ही ओळ म्हणून दाखवीन. पण टायर घासल्याच्या खुणा किती मीटर होत्या, धडक मागून बसली की बाजूने, रस्त्यावरचे दिवे चालू होते का, समोरच्या दुकानाचा कॅमेरा कुठे रोखलेला होता, याबद्दल पंचनाम्यात अवाक्षर नसते. साक्षीच्या वेळी बचावाचे वकील नेमके हेच विचारतात. पंच सांगतो, सही ठाण्यात केली. गाडी आरोपीच चालवत होता हे सांगणारा साक्षीदार सापडत नाही. मग निर्दोष मुक्तता.

हवालदारांना दोष देऊन मी मोकळा होणार नाही. त्याच माणसाकडे चोऱ्या असतात, बंदोबस्त असतो, समन्स बजावणी असते. तरीही एक दृश्य मला खटकत आले आहे. मोटार सुपूर्तनाम्यावर, म्हणजे लागेल तेव्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, दोन-चार दिवसांत मालकाच्या घरी जाते. मोडकी सायकल मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात गंजत राहते, कारण ती परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागतो हे तिच्या मालकाला कोणी सांगितलेलेच नसते.

आता कलमांकडे येतो. जुन्या भारतीय दंड संहितेत निष्काळजीपणाने साधी दुखापत केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता, गंभीर दुखापतीला दोन वर्षे किंवा एक हजार रुपये. हे आकडे १८६० सालचे. तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या आणि टांगे होते आणि पाचशे रुपये ही जरब बसवणारी रक्कम होती. मोटारी आल्या, महामार्ग झाले, रक्कम तिथेच राहिली. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम १२५ मध्ये साध्या दुखापतीचा दंड पाच हजारांपर्यंत आणि गंभीर दुखापतीचा दहा हजारांपर्यंत गेला, कैदेची मर्यादा गंभीर दुखापतीसाठी तीन वर्षे झाली. सुधारणा आहे, नाही म्हणत नाही. पण दारू पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा पकडले गेले तर मोटार वाहन कायद्यात दहा हजारांचाच दंड आहे, मग भले कोणाला ओरखडाही आलेला नसो. शुद्धीत असलेल्याने एखाद्याचा पाय मोडला तरी दंडाची कमाल रक्कम तेवढीच. आणि न्यायालये कमाल मर्यादेच्या आसपासही फिरकत नाहीत.

माझ्या काळात अशा खटल्यांचा शेवट ठरून गेल्यासारखा होता. आरोपी तारखेला येई, वकिलाच्या सांगण्यावरून गुन्हा कबूल करी. शिक्षा म्हणजे न्यायालय उठेपर्यंत कैद आणि हजार-पंधराशे दंड. संध्याकाळी तो पावती घेऊन घरी जाई. जखमी माणसाला यातले काही कळतही नसे. कबुली आल्यावर साक्ष लागत नाही, साक्ष लागत नाही म्हणून त्याला समन्स नाही. पुढे कधीतरी तो चौकशीला आला की आम्हीच खिडकीतून सांगायचो, 'तुमची केस निकाली निघाली'. तो विचारायचा, 'म्हणजे काय झालं?'

आणखी एक गोष्ट कागदावर दिसत नाही. दुखापत साधी की गंभीर हे ठरते वैद्यकीय दाखल्यावर. हाड मोडले असेल तर गंभीर, एवढेच सगळ्यांच्या डोक्यात पक्के बसले आहे. पण जखमी माणूस पंधरा दिवस आपली रोजची कामे करू शकला नाही तरी ती गंभीर दुखापतच आहे (पूर्वी ही मर्यादा वीस दिवसांची होती). डोक्याला मार लागलेला सुरक्षारक्षक, कंबर धरलेला दूधवाला, खांदा सुजल्यामुळे महिनाभर घमेले उचलू न शकणारी बांधकामावरची बाई, यांच्या कागदावर 'साधी' लिहिले जाते, कारण एक्स-रेमध्ये काही दिसले नाही. ते किती दिवस कामावर गेले नाहीत हे पुन्हा विचारायला कोणी जात नाही. मुकादमाचा एक दाखला लावला असता तर कलम बदलले असते.

उच्चभ्रू वस्तीतला अपघात असला की यंत्रणा हलते, असे लोक म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्श मोटारीने दुचाकीवरील दोघा तरुण अभियंत्यांचा बळी घेतला, तेव्हा अल्पवयीन चालकाला आधी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला होता. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या डॉक्टरांना अटक झाली, ती लोक खवळल्यानंतर. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला पहाटे नेरूळजवळ पाम बीच रस्त्यावर इंटेल इंडियाचे माजी प्रमुख अवतार सैनी सायकल चालवत असताना मागून आलेल्या टॅक्सीच्या धडकेने गेले. सायकलचा सांगाडा चाकाखाली अडकलेला असतानाही चालकाने पळून जायचा प्रयत्न केला. सैनींचे नाव मोठे होते म्हणून ती बातमी देशभर गेली. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, त्यात सायकलस्वार सुमारे तीन टक्के. म्हणजे हजारो. त्यांतली किती नावे आपल्याला आठवतात?

न्यायालयांना हे कळत नाही असेही नाही. पंजाब सरकार विरुद्ध सौरभ बक्षी या खटल्यात दोन माणसे दगावली होती. उच्च न्यायालयाने एक वर्षाची शिक्षा भोगलेल्या चोवीस दिवसांवर आणली, कारण भरपाई दिलेली होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ती वाढवून सहा महिने केली आणि आपल्याकडचे चालक स्वतःला रस्त्याचे सम्राट समजतात, असे ताशेरे ओढले. निकाल उत्तम आहे. तालुक्याच्या न्यायालयात कबुलीजबाबाच्या दिवशी त्याचा उल्लेख झालेला मी ऐकला नाही.

आता माझे खरे म्हणणे. मला कोणाला तुरुंगात पाठवायचे नाही. कडक शिक्षेची नुसती घोषणा झाली की काय होते ते आपण पाहिले आहे. धडक देऊन पळणाऱ्याला मृत्यूच्या प्रकरणात दहा वर्षांपर्यंत कैद सांगणारे न्याय संहितेचे कलम १०६ (२) आले, जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांनी चाके थांबवली, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि संहिता लागू करताना तेवढे पोटकलम बाजूला ठेवले गेले. बरे, ते असते तरी जखमींना त्याचा उपयोग नव्हता.

तुरुंगापेक्षा साधी गोष्ट कायद्यात आधीपासून आहे: लायसन. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०६ नुसार धोकादायक रीतीने गाडी चालवल्याचे पोलिसांना सकारण वाटले तर त्यांनी लायसन ताब्यात घेऊन परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवायचे असते. कलम १९ नुसार तिथे चालकाचे म्हणणे ऐकून घेऊन पहिल्या वेळी तीन महिने आणि पुन्हा घडले तर लायसन रद्द, असा आदेश होऊ शकतो. न्यायालयालाही कलम २० खाली दोषी चालकाला ठरावीक काळ गाडी चालवण्यास अपात्र ठरवता येते. मी लिहिलेल्या रोजनाम्यांत कलम २० चा आदेश शोधायचा तर दिवा घेऊन बसावे लागेल. सरकारी वकील मागत नाहीत आणि न्यायाधीशांपुढे पुढची फाइल आलेली असते.

टेम्पोचालकाच्या पोटावर पाय येईल, असे यावर कोणी म्हणेल. येईल. पण त्याच्या धडकेने ज्याचा तीन महिन्यांचा रोज बुडाला तोही पोटासाठीच सायकल मारत होता. शिवाय माझ्यासमोर आलेल्या आरोपींत खासगी मोटारवाले काही कमी नव्हते. त्यांना हजार रुपयांचे काही वाटत नाही. तीन महिने गाडी दारात उभी ठेवून रिक्षाने कामावर जायचे, याचे मात्र नक्की वाटेल.

सायकलवाल्यांची चूक कधीच नसते असे माझे म्हणणे नाही. उलट्या बाजूने येणारे, अंधारात दिव्याशिवाय चालवणारे मीही पाहतो. म्हणूनच चौकशी नीट व्हावी. चूक कोणाचीही असो, गंभीर जखमीला मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली, म्हणजे गाडीवाल्याची चूक सिद्ध न करता, अडीच लाख रुपये मिळण्याची तरतूद २०२२ पासून लागू आहे. गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून गंभीर जखमीला पन्नास हजार, मृताच्या वारसांना दोन लाख. त्याच वर्षी आलेल्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवायचा, दहा दिवसांत जखमीच्या हाती त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना क्रमांक दोन ठेवायचा आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातही, तपास कुठवर आला हे फिर्यादी किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. तो दोन नंबरचा नमुना हातात पडलेला जखमी सायकलवाला मला अजून भेटायचा आहे. आपल्या वाचकांपैकी कोणाला मिळाला असेल तर जरूर लिहावे.

शासन मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जायला सायकली देते. योजना चांगली आहे, माझ्या भाचीची मुलगी त्याच सायकलवर राज्यमार्गाच्या कडेने शाळेत जाते. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत जिल्हाधिकारी, पोलीस आणि आरटीओ एकाच टेबलाशी बसतात. सायकलस्वार जखमी झाल्याच्या किती गुन्ह्यांत लायसन ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवले आणि त्यांतल्या कितींवर आदेश झाला, हे दोन आकडे समितीने दर बैठकीनंतर जाहीर करावेत, आणि सरकारी वकिलांनी कबुलीच्या दिवशी कलम २० चा अर्ज तयार ठेवावा. यासाठी नवा कायदा लागत नाही, निधीही लागत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा