पर्याय क्रमांक 1 कोणी भरायचा? उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, नमस्कार.

घाटंजीला एसटी स्टँडसमोर माझं ऑनलाइनचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक इन्व्हर्टर. सातबारा, पीकविमा, रेशनचं केवायसी, पोलीस भरतीचे फॉर्म, जे येईल ते करतो. मे ते ऑगस्ट मात्र दुकान बारावीच्या पोरांचं असतं. तुमच्या खात्याशी माझा संबंध इतकाच, की प्रवेशाचे जे फॉर्म तुमच्याकडे येतात त्यातले पाच-पन्नास दरवर्षी माझ्या बोटांनी भरलेले असतात. माझी पदवी बीए, तीही मुक्त विद्यापीठाची. बारावीला गणितात माझी स्वतःची दांडी गुल झाली होती. हे आधीच सांगून ठेवतो. तरी कॉलेजांच्या यादीत पहिला पर्याय कोणता टाकायचा, हे पोरं मलाच विचारतात, म्हणून हे पत्र.

निकालाच्या दिवशी दुपारी एकला साइट उघडते. दोन रकाने असतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. बैठक क्रमांक बापाला पाठ असतो, पण बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं म्हटलं की जीभ अडते. तो पोरीकडे बघतो आणि पोरगी स्क्रीनकडे. शेवटी ती हळूच नाव सांगते, मी टाइप करतो, आणि साइट अडकते. मग पंखा, घाम, मागे उभी वीस माणसं.

यंदा पारव्याकडची एक पोरगी आली होती. भौतिकशास्त्र 46, रसायनशास्त्र 43, गणित 35. बाप वाकून म्हणाला, “नापास हाय का?” पास होती. पण दहावीला 84 टक्के घेतलेल्या पोरीच्या घरात 35 हा आकडा नापासासारखाच वाचला जातो. ती काही बोलली नाही. प्रिंटरमधून निघालेला कागद तिने चार घड्या करून चपलेच्या पिशवीत टाकला.

मी कॅल्क्युलेटर काढला. इंजिनिअरिंगला या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला 45 टक्के लागतात आणि मागास प्रवर्गाला 40. म्हणजे 300 पैकी 135 किंवा 120. तिचे 124 होते. पोरगी ओबीसी, चार मार्कांनी आत. बापाच्या जिवात जरा जीव आला. मग मीच त्यावर विरजण घातलं. जात पडताळणीचा कागद मुदतीत आला नाही, किंवा नॉन-क्रीमीलेअरचं सर्टिफिकेट 31 मार्चलाच संपलेलं निघालं, तर पोरगी खुल्यात जाणार, आणि 135 च्या हिशेबाने बाहेर. परीक्षा तिने फेब्रुवारी-मार्चमध्ये दिली, पण पात्र की अपात्र हे जुलैत कागद कोणत्या टेबलावर अडकतो त्यावर ठरणार. बापाने विचारलं, “मंग अभ्यास कायले केला तिनं?” मी उत्तर दिलं नाही. तुम्ही द्या.

पुढे सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा. तिथे 34 पर्सेंटाइल. शून्याच्या वर काहीही असलं तरी कॅपमध्ये, म्हणजे सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांत, बसता येतं, त्यामुळे कुठेतरी सीट मिळेलच. ती घ्यावी का, हे कोणी सांगायचं? कॉलेजच्या सरांना विचारा म्हणावं, तर अर्धी पोरं त्या कॉलेजात नावालाच होती. हजेरी इथे आणि खोली अकोल्याला क्लासजवळ. प्रॅक्टिकलला दोनदा आली तेवढीच सरांची ओळख. तुमचं सुविधा केंद्र आहे, पण आमच्या पोरांना जवळचं पडतं ते एका खासगी कॉलेजातच. तिथे शंका विचारायला गेलेला पोरगा त्याच कॉलेजचं माहितीपत्रक घेऊन परत येतो. म्हणून शेवटी माझ्याकडे. “तुमीच सांगा भाऊ, तुमाले समजते.”

मला काय समजतं साहेब? कॉलेजच्या कोडचा पहिला आकडा 1 असला की अमरावती विभाग, 4 असला की नागपूर, 6 असला की पुणे, इतपत समजतं. मेकॅनिकल घेतलं तर चार वर्षांनी काय होतं, हे मला ठाऊक नाही. तरी मी सांगतो. सांगावं लागतं, कारण मागे रांग असते.

2025 च्या ऑगस्टमधली गोष्ट लिहितो, ती गेलं वर्षभर पोटात आहे. त्या वर्षीपासून कॅपच्या फेऱ्या चार झाल्या आणि नियम आला, की पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो पक्का, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला कोणताही पक्का, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला. नको म्हटलं तर पुढच्या फेरीतून बाहेर. नियम चुकीचा आहे असं माझं म्हणणं नाही. सीटा अडवून ठेवणाऱ्यांना चाप बसला, बरंच झालं. पण तो इंग्रजीत, लांबलचक पीडीएफमध्ये होता, आणि मी तो पुरता वाचला नव्हता. एका पोराने मला चारच कॉलेजं सांगितली. तीनशे पर्याय भरता येतात, हा चारच भरतो, म्हणून यादी जरा भरल्यासारखी दिसावी या विचाराने पाचवा-सहावा मी मनाने टाकला. तिसऱ्या फेरीत त्याला पाचवा लागला. कॉलेज कोकणात. कोकण त्याने नकाशात पाहिलेलं. तो गेला नाही आणि चौथ्या फेरीतही नव्हता. आता बुटीबोरीला कंपनीत कंत्राटावर आहे. दिवाळीला दुकानात येऊन बसतो, चहा पितो, मला अजून दादाच म्हणतो. त्या फॉर्मचे मी त्याच्याकडून 150 रुपये घेतले होते.

माझ्यासारखी दुकानं तालुक्या-तालुक्यात आहेत. आम्ही चोर नाही, पण सल्लागारही नाही. आणि आमच्याशिवाय दुसरे जे सल्लागार फिरतात, त्यांच्याबद्दल तर न बोललेलं बरं. निकालाच्या तिसऱ्या दिवशी पारव्याकडच्या त्या पोरीच्या बापाला त्यांचे फोन सुरू झाले. नंबर त्यांना कुठून मिळतात हे तुम्ही शोधा. “सीट पक्की करून देतो, ओरिजिनल घेऊन या, हॉस्टेल फ्री.” बाप टीसी घेऊन निघालाच होता. मी थांबवलं, कारण एक गोष्ट मला नक्की माहीत होती. तुमच्याच सरकारच्या 8 जुलै 2024 च्या जीआरनुसार ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक शिक्षणाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून हवा. संस्थेच्या कोट्यातून सीट घेतली की माफी गेली. तो फोनवाला हे सांगणार होता का? आणि टीसी एकदा त्यांच्या कपाटात गेली की काढताना नाकी नऊ येतात. ओरिजिनल कागद ठेवून घ्यायचे नाहीत, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने 2018 साली लिहून ठेवलं आहे. आमच्याकडे तो कागद दाखवला तर क्लार्क हसतो.

इंजिनिअरिंगच करायला पाहिजे असंही नाही. बापाला मी म्हटलं, गणित धरून बारावी सायन्स आहे, तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, यवतमाळला सरकारी आहे. मग डिप्लोमावरून पुन्हा डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात. डी.फार्म आहे, तिथे सीईटी लागत नाही, बारावीचे मार्क चालतात. मार्क पटत नसतील तर विषयामागे 400 रुपये भरून उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागव, मग फेरमूल्यांकन. नाहीतर पोरीने श्रेणीसुधारला, म्हणजे मार्क वाढवायला पुन्हा परीक्षेला, बसावं. बापाने सगळं ऐकून घेतलं आणि पोरीला विचारलं, “तुले काय करायचं हाय?” ती पहिल्यांदा बोलली. “बीसीए.”

आता काय सांगू? बीसीए-बीबीएला आधी बारावीच्या मार्कांवर बसता यायचं. 2024 पासून त्यालाही सीईटी. ती तिने दिलीच नव्हती, कारण फॉर्म भरायच्या दिवसांत तिला बीसीए करायचं नव्हतं. बीसीए तिच्या डोक्यात 35 मार्क पाहिल्यावर आलं. बारावीचा निकाल पडला की पोरं नवीन विचार करतात, आणि तोवर त्या नव्या वाटेची परीक्षा होऊन गेलेली असते. जागा रिकाम्या राहिल्या तेव्हा तुम्ही ती सीईटी पुन्हा घेतलेली आहे. मग दरवर्षी बारावीच्या निकालानंतर महिनाभराने एक संधी का नको?

पैशाचंही असंच उलटं आहे. जूनमध्ये आमच्या घरांतला सगळा पैसा मातीत असतो. कपाशीचं बियाणं, खत, मजुरी. जे उरतं ते सोयाबीन खातं. कापूस निघून विकला जाईपर्यंत नोव्हेंबर-डिसेंबर उजाडतो. आणि बीएस्सीवाले जूनमध्ये पैसे मागतात, कॅपवाले जुलै-ऑगस्टमध्ये. हातची जाऊ नये म्हणून माणूस आधी बीएस्सीची फी भरतो, टीसी देतो, मग कॅपची सीट लागते, मग पहिल्या कॉलेजकडून टीसी सोडवायच्या खेपा. ट्यूशन फी माफ असली तरी बाकीची फी, खोली, मेस यांना माफी नाही. पहिला हप्ता दिवाळीनंतर घ्या, असं एक परिपत्रक विदर्भापुरतं निघालं, तर सावकाराकडच्या निम्म्या चकरा वाचतील. ज्या गाडगेबाबांचं नाव आमच्या विद्यापीठाला आहे, ते सांगायचे, जेवायचं ताट मोडा पण पोरांना शिकवा. ताट मोडायला लोक तयार आहेत हो. मोडीचे पैसे कोणत्या खिडकीवर भरायचे ते कळत नाही.

मुलींच्या एसटीबद्दल तुमच्याकडे बोलून उपयोग नाही, ते खातं वेगळं. बारावीपर्यंत सरकारच्या मानव विकास योजनेची निळी बस फुकट नेते, पुढे पासाला पैसे पडतात, एवढंच कानावर घालतो.

माझी मागणी फार मोठी नाही. बारावीच्या निकालापासून कॅपची शेवटची फेरी संपेपर्यंत प्रत्येक तालुक्याला एक माणूस द्या. सरकारी पॉलिटेक्निकचा प्राध्यापक चालेल, आठवड्यातून दोन दिवस आला तरी चालेल. आमच्याकडून यवतमाळ 40 किलोमीटरच्या आसपास आहे, त्याला सकाळी येऊन संध्याकाळी परत जाता येईल. बसायला आयटीआयची खोली आहे. आयटीआय तुमच्या खात्यात नाही, कौशल्य विकासकडे आहे, ठाऊक आहे. पण एक खोली मागायला काय जातं? फक्त तो माणूस कोणत्या कॉलेजचा फायदा बघणारा नसावा. कागद कोणता कमी आहे ते त्याने मे महिन्यातच बघावं, जुलैत नाही. आणि पर्यायाच्या पानावर, सबमिटच्या बटणाच्या वर, मराठीत एक ओळ टाका: ‘या फेरीत हे पर्याय लागले तर नाकारता येणार नाहीत.’ याला पैसे लागत नाहीत.

माझं गिऱ्हाईक कमी होईल. होऊ द्या. पीकविमा आहेच.

त्या पोरीचा पर्यायांचा फॉर्म माझ्या कॉम्प्युटरवर अर्धा भरलेला आहे. जात पडताळणीची पावती जोडली, मूळ कागद अजून यायचा आहे. कम्प्युटर शाखा असलेली सात कॉलेजं ती वहीत लिहून घेऊन गेली, घरी विचार करून क्रम लावते म्हणाली. पहिल्या क्रमांकावर काय टाकायचं हे तिने मला दोनदा विचारलं आणि मी दोन्ही वेळा सांगितलं नाही. मुदत परवा संध्याकाळी पाचपर्यंत आहे. उद्या सकाळच्या पहिल्या गाडीने ती येणार आहे. त्याआधी तुमच्याकडून कोणी फोन केला तर बरं होईल. दुकान आठला उघडतं.

आपला,
ऑनलाइन फॉर्म भरून देणारा,
घाटंजी, जि. यवतमाळ