कोटेशनवरच्या त्या पाच ओळी

अकोळ, ता. निपाणी
रविवार, रात्री

चि. विनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळी फोनवर तुझ्या नव्या मोटारसायकलीच्या कोटेशनवरून आवाज चढला, तुझाही आणि माझाही. तू म्हणालास, "आई, सगळेच देतात, दोन-चार हजारांसाठी शोरूममध्ये तमाशा करू नको." त्यानंतर दिवसभर हाताला काम लागलं नाही. फोन केला तर परत तेच होईल, म्हणून लिहिते आहे. उद्या सदाभाऊंचा पोरगा पहिल्या एसटीनं बेळगावला निघतोय, त्याच्याकडे हे पत्र आणि शेंगदाण्याची चटणी देते.

गाडी घेऊ नको असं मी म्हटलेलं नाही. हे आधी वाच. उद्यमबागच्या भट्टीसमोर उभं राहून तू पैसे जमवलेस, त्यातून गाडी घेतोयस, हे मी शेजारच्या अक्काला तीनदा सांगून झालं. आपल्या घरात आरसी बुकावर मालक म्हणून नाव लागणार ते तुझंच पहिलं. बाबांची लुनासुद्धा काकांच्या नावावर होती.

पण तू पाठवलेला कोटेशनचा फोटो सुमीनं मोठा करून मला ओळ न् ओळ वाचून दाखवला. एक्स-शोरूम, म्हणजे नुसत्या गाडीची किंमत, 84,500. त्याखाली रोड टॅक्स, आरटीओ, विमा. आणि मग त्या पाच ओळी: हँडलिंग 1,800, अ‍ॅक्सेसरीज किट 3,200, हेल्मेट 900, नंबर प्लेट 600, आरएसए 500. सुमीनं बेरीज केली, मी परत केली. सात हजार. हे सात हजार कोणत्या सरकारनं मागितलेत, एवढंच मी विचारत होते.

दुपारी मामाकडे गॅरेजवर जाऊन आले. त्याचं म्हणणं असं की, रोड टॅक्स आपल्या हातात नाही. कर्नाटकात पन्नास हजार ते लाखापर्यंतच्या गाडीला 12 टक्के, वर त्या टॅक्सवर सेस, लाखाच्या पुढं गेली की 18 टक्के. तो भरायचाच. पण हँडलिंग नावाची फी ना आरटीओची, ना सरकारची. गाडी कंपनीतून शोरूमपर्यंत आणायची, उतरवायची, धुऊन पुसून उभी करायची, हे त्या 84,500 मध्ये आलं. नंबर प्लेटचं तसंच. 1 एप्रिल 2019 पासून ती नवी हाय सिक्युरिटी प्लेट कंपनीनंच गाडीबरोबर द्यायची असते, तिचे पैसे किमतीत धरलेले असतात. आणि हेल्मेट! केंद्राच्या मोटार वाहन नियमांत 138 नंबरचा नियम आहे, दुचाकी विकताना आयएसआय हेल्मेट कंपनीनं द्यायचं. किटमध्ये साडीगार्ड आणि मागच्याला धरायची कडी घातली असेल तर तेही विचार. या वस्तू कायद्यानंच गाडीला असायला हव्यात, हौसेच्या नाहीत. सीट कव्हर हवं तर मामा दोनशेत शिवून देतो म्हणाला.

आरएसए म्हणजे वाटेत गाडी बंद पडली तर येऊन मदत करतात म्हणे. ते घ्यायचं तर घे, पण तुला हवं म्हणून घे, छापलंय म्हणून नको.

जीएसटीही बघून घे. 2025 च्या सप्टेंबरच्या 22 तारखेपासून 350 सीसीपर्यंतच्या गाडीला 28 चा 18 टक्के झालाय.

तुला आठवतंय का माहीत नाही, तू चौथीत होतास. निपाणीला गोडेतेल आणायला पाठवलं होतं. दुकानदारानं पाच रुपये कमी परत दिले. तू अर्धा तास दुकानाबाहेर उभा राहिलास, पण आत जाऊन मागितले नाहीस. घरी आलास आणि तुझ्या मातीच्या गल्ल्यातले पाच रुपये काढून हिशेब पुरा करून माझ्या हातात ठेवलेस. गल्ला फोडलेला मला आठ दिवसांनी दिसला, चुलीमागं खापऱ्या होत्या. मी तेव्हा तुला जवळ घेतलं, काही बोलले नाही. आता वाटतं, तेव्हाच हाताला धरून त्या दुकानात न्यायला हवं होतं. तू अजून तसाच आहेस. मागायची वेळ आली की आपल्याच गल्ल्यातले भरतोस.

बाबाही तसेच. ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन राहताना सोसायटीत त्यांनी तीन ठिकाणी सही केली आणि एकदाही विचारलं नाही, ही सही कशाची. "सगळ्यांसमोर कसं विचारायचं," हे मला नंतर सांगितलं. पुढचं तुला माहीत आहे, दोन्ही म्हशी तुझ्या डोळ्यांदेखत गेल्या. बाबांना हे पत्र दाखवलेलं नाही. तूही त्यांच्याकडे हा विषय काढू नकोस.

बघ, पत्रात हे आणायचं नाही असं ठरवूनच बसले होते.

मी लग्न होऊन आले तेव्हा बिड्या वळायचे. हजार बिड्या नेल्या की त्यातल्या मूठभर 'छाट' म्हणून बाजूला काढायचे. त्याचे पैसे नाहीत, आणि त्या बिड्याही परत नाहीत. का काढल्या म्हणून विचारलं की पुढच्या वेळी पानं वाईट मिळायची. आजोबांचं आयुष्य तंबाखूच्या वजनात गेलं. 1981 साली तंबाखूच्या दरासाठी शेतकरी निपाणीच्या हायवेवर बसले, त्यात तेही होते, गोळीबार झाला त्या 6 एप्रिललाही. ते सांगायचे, वजन करताना काट्याकडे बघायचं, व्यापाऱ्याच्या तोंडाकडे नाही. तुझा फोटो बघताना मला हे सगळं आठवलं. तुला वाटत असेल, मोटारसायकलीचा आणि छाटीचा काय संबंध. मला तो हँडलिंगच्या ओळीत दिसला.

फायनान्सचं सांगायचं राहिलं. शोरूममधल्या पोरानं 10 टक्के म्हणून सांगितलंय, पण ते 'फ्लॅट' आहे का ते विचार. पंधरा वर्षं मी स्त्रीशक्ती बचत गटाचं रजिस्टर लिहिते, एवढं मला कळतं. 60,000 तीन वर्षांसाठी घेतलेस तर फ्लॅटमध्ये व्याज 18,000, हप्ता 2,167 च्या आसपास. मुद्दल दर महिन्याला फिटत जातं, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण साठ हजारांवर लागतं. गटासारखं राहिलेल्या मुद्दलावर मोजलं तर तेच व्याज 18 टक्क्यांच्या जवळ जातं. गटातून 20,000 मिळतील, मी बोलून ठेवलंय. तुझा मान जात असेल तर नको. पण कर्ज फिटलं की बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायला विसरू नको, बाबा जामीन होते त्या ट्रॅक्टरचं तेच राहिलं होतं.

परत तिथंच आले.

विम्याचं ऐक. 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीचा, विमा एकदम घ्यावाच लागतो. 75 ते 150 सीसीला त्याचे 3,851 आणि वर जीएसटी. तुझ्या कोटेशनवर विमा 8,400 आहे. बाकीचे कशाचे ते फोडून लिहून माग. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बाहेरून घेता येतो, शोरूममधूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही. फक्त विम्यात मालकासाठी पंधरा लाखांचं अपघाती कवच असतं, ते कमी करून पैसे वाचवू नकोस. वारसाच्या रकान्यात

नको, त्या रकान्याचं तूच बघ. मला लिहवत नाही.

रात्रपाळी करून तवंदी घाटातून गाडीवर येऊ नकोस, एवढं मात्र कबूल कर. सकाळी ये. मी जागीच असते.

आत्या कागलला गाडी घे म्हणते, कोल्हापूरला टॅक्स कमी, तिच्या पत्त्यावर एमएच 09 नंबर घेऊ. तिच्या मनात तुझं भलंच आहे. पण गाडी चालणार बेळगावात. बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे इथला टॅक्स भरायचाच, आणि तोवर नाक्यानाक्यावर थांबवणार. तू केए 22 चाच घे.

काउंटरवरच्या माणसाशी भांडू नकोस. तोही पगारावरच आहे. तुझं कन्नड माझ्यापेक्षा चांगलं आहे. सावकाश विचार, "इदु याके?", हे का? आणि प्रत्येक पैशाला "रसीदि कोडी", पावती द्या. हँडलिंगची पावती त्या नावानं द्या म्हटलं की बरेचदा ती ओळच निघते, असं मामाचं म्हणणं. नाहीच निघाली तर ग्राहकांसाठी 1915 हा फोन आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंत तिथं फी लागत नाही. तिथवर जायची वेळ येऊ नये. पण असं काही आहे, हे माहीत असलं की माणूस जरा ताठ उभा राहतो.

फार लांबलं. सकाळी "तुला काही कळत नाही" म्हणाले, ते माझं चुकलं. चोवीस वर्षांचा आहेस, घरभाडं भरतोस, सुमीची फी भरतोस. तुला कळतं. कळूनही गप्प बसतोस, त्याची मला धास्ती वाटते.

पाडव्याला गाडी घेऊन आलास की दारात ओवाळायला मी आहेच. हार बाबा आणणार आहेत, त्यांनी फूलवाल्याला सांगूनही ठेवलंय. माझ्याशी बोलले नाहीत, मला सुमीकडून कळलं.

तुझी,
आई

ता. क. पत्र बंद करताना सुमीनं फोटो परत मोठा केला. खाली अगदी बारीक अक्षरात आहे, बुकिंगचे 2,000 परत मिळणार नाहीत. ते किमतीतून वजा केलेत का? आणि त्याची पावती घेतलीस ना?