आई-बाबा, या फेब्रुवारीत बर्फाच्या गावात राहायला जाऊया

प्रिय आई-बाबा,

फोनवर हा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई लगेच ईशानच्या परीक्षेचं विचारते, म्हणून सगळं एकदाच लिहून काढतेय. प्रिंट काढून निखिलबरोबर पाठवते म्हणजे आईला मोबाईलवर डोळे ताणायला नकोत. शांतपणे वाचा, रविवारी मी ठाण्याला येतेच आहे तेव्हा बोलू. आणि ईशानची परीक्षा एप्रिलमध्ये आहे, ते आधीच सांगून टाकते.

तर, फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात आपण पाचही जणांनी गुलमर्गला जायचंय आणि तिथेच मुक्काम टाकायचाय. तुमच्या टीव्हीखाली ते टूरचं पत्रक पाहिलं मी, आठवड्याभरात श्रीनगर, सोनमर्ग, पहलगाम, गुलमर्ग सगळं, रोज सकाळी सातला बॅगा दाराबाहेर. त्यात गुलमर्गच्या वाट्याला एक दिवस, त्यातला अर्धा गंडोलाच्या, म्हणजे तिथल्या केबल कारच्या, रांगेत, मग बर्फात फोटो आणि पाचला परत गाडीत. आईचे गुडघे आणि बाबांचं बीपी घेऊन हे करायचं नाही, आणि गुडघे धड असते तरी मी हेच म्हटलं असतं कारण बर्फाचं गाव असं धावतपळत कळतच नाही. स्वित्झर्लंडमध्ये ग्रिंडेलवाल्ड, झरमाट अशा गावांत लोक आठवडा आठवडा एकच खोली घेऊन राहतात, ज्यांना स्की करायचंय ते सकाळी डोंगरावर जातात, बाकीचे उन्हात बसतात, गावात चक्कर मारतात, आणि जेवायला सगळे एकत्र. मला आपल्यासाठी अगदी असंच हवंय. (काकू यूंगफ्राउयोखला जाऊन आल्या त्याचं आईला फार कौतुक आहे ना, ते तिथलं डोंगरावरचं रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, आणि गुलमर्गच्या गंडोलाचा दुसरा टप्पा जवळजवळ चार हजार मीटरला जातो. व्हिसासाठी कागद गोळा करत बसायची काही गरज नाही.)

मी मैत्रिणींबरोबर गुलमर्गला गेले होते तेव्हा आमच्या हॉटेलात एक आजी-आजोबा होते. मुलगा, सून, नातवंडं नाश्ता झाला की स्की उचलून निघायचे आणि हे दोघं लॉबीत. आजोबांच्या पायावर शाल, हातात कालचाच पेपर, आणि आजी दर थोड्या वेळाने काचेवरची वाफ रुमालाने पुसून बाहेर बघायच्या, पण त्या खिडकीतून दिसायचं काय तर पार्किंग आणि जनरेटर. मुलं शिकत होती तो उतार तिथून चालत काही मिनिटांवर होता! पण वाटेवर बर्फाचा कडक थर, पाय ठरत नाही, आणि हात धरून न्यायला कोणी नाही. नंतर मी एकदा त्या आजींना घेऊन गेले, तर परत यायला तयार होईनात. तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे की तुम्हाला नेईन तर हॉटेल असं बघेन की खिडकीतून उतार दिसला पाहिजे, खोली तळमजल्यावर पाहिजे, आणि आमच्यापैकी एकजण कायम तुमच्याबरोबर. सकाळी निखिल आणि ईशान स्की करतील तेव्हा मी तुमच्याकडे, दुसऱ्या दिवशी मी आणि ईशान, निखिल तुमच्याकडे. हे आमचं बोलून झालंय, त्यात "आमच्यामुळे तुमची मजा जाते" वगैरे म्हणायचं नाही.

आणि आई, नवशिक्यांचा उतार बघत बसण्यात किती मजा असते ते तुला तिथेच कळेल. आधी ते बूट, कडक प्लास्टिकचे, पोटरीपर्यंत, चार-चार बकलं आवळायची, घोटा जरासुद्धा वाकत नाही. मग पुढचा भाग स्कीच्या खाचेत घालून टाच जोरात दाबायची, खट्ट आवाज आला की बसलं. मास्तर पहिल्यांदा शिकवतो ते थांबायला, स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागचे भाग लांब, म्हणजे पायाखाली उलटा व्ही तयार होतो, आतल्या कडा बर्फात रुततात आणि वेग कमी होतो. पोरं हे पटकन शिकतात, कारण पडायची भीती नसते आणि जमिनीला जवळ असतात. ईशान दोन-तीन सकाळी धडपडेल आणि मग एका दुपारी सरळ खाली येऊन आजीसमोर थांबेल, ते तू तिथे असताना व्हायला हवंय, व्हिडिओत नाही. तिथे स्कीइंग काही आत्ताचं नाही, इंग्रजांनी १९२७ मध्ये स्की क्लब काढला तेव्हापासूनचं आहे, आणि खेलो इंडियाचे हिवाळी खेळ २०२० पासून तिथे होतात.

आता बाबा, तुमच्यासाठी. जाताना विमान नाही. बांद्र्याहून कटऱ्याला जाणारी स्वराज एक्सप्रेस, आपण घोडबंदर रोडने बोरिवलीला जाऊन तिथे चढू. कटऱ्याला रात्री मुक्काम आणि सकाळी वंदे भारतने श्रीनगर, साधारण तीन तास. जून २०२५ मध्ये ही लाईन सुरू झाली तेव्हा तुम्ही दिवसभर टीव्हीसमोरून हलला नव्हता, तो चिनाब पूल, नदीच्या पात्रापासून ३५९ मीटर उंच, त्यावरून तुम्ही स्वतः जाणार. कटरा ते बनिहाल १११ किलोमीटरपैकी ९७ किलोमीटर बोगद्यातच आहे, म्हणजे पूल येतो आणि बघता बघता जातो, तेव्हा खिडकीची सीट तुमची, ईशानशी भांडायला लागलं तरी. या गाडीच्या पाण्याच्या पाईपना आणि ड्रायव्हरच्या काचेला गरम ठेवायची सोय केलीय म्हणजे थंडीत गोठायला नको, हे तुम्हाला माहीत असेलच पण मला वाचून आनंद झाला म्हणून लिहिलं. आयुष्य रेल्वेत काढलेल्या माणसाने तो पूल फोटोत बघावा हे मला पटत नाही.

ट्रेनचा दुसरा फायदा, उंची हळूहळू चढते. ठाणे म्हणजे समुद्राच्या काठचंच, श्रीनगर जवळजवळ १,६०० मीटर, गुलमर्ग २,६५० मीटर. तिथे श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन इथल्यापेक्षा पाव हिश्श्याने कमी असतो आणि अडीच हजार मीटरच्या वर काहींना डोकं दुखणं, मळमळणं, झोप न लागणं सुरू होतं, वय असो नसो. म्हणून श्रीनगरला दोन रात्री आराम, मगच वर. वर गेल्यावर पहिल्या दिवशी काहीही करायचं नाही, पाणी प्यायचं, हळू चालायचं. त्याआधी इथे डॉक्टरांना दाखवायचं, बाबांचा ईसीजी, आणि थंडीने रक्तवाहिन्या आकसून बीपी वाढतं तेव्हा गोळ्यांचं काय करायचं ते विचारायचं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी कोणीतरी सांगितली म्हणून घ्यायची नाही, डॉक्टर म्हणाले तरच. बीपीचं मशीन मी बॅगेत टाकतेय.

आणि गंडोला. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत, ३,१०० मीटरच्या आत, तिथे आपण सगळे जाऊ, सहा जणांच्या बंद केबिनमध्ये बसून देवदारांच्या शेंड्यांवरून. दुसरा टप्पा वरच्या अफरवाट डोंगराचा, तिथे हवा इतकी विरळ की समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास, आणि थोड्या मिनिटांत तुम्ही तिथे पोचता, शरीराला सवय व्हायला वेळच नाही. बाबा, ते तिकीट मी तुमचं काढणार नाही. रागवा हवं तर.

फेब्रुवारीच का, तर डिसेंबर-जानेवारीचा हल्ली भरवसा नाही. तिथला बर्फ पश्चिमेकडून येणाऱ्या वेस्टर्न डिस्टर्बन्सवर अवलंबून, पार भूमध्य समुद्राकडून ओल घेऊन येतात ते ढग, ते चुकले की डोंगर कोरडे. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ बोडकं होतं, आणि २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून खेलो इंडियाचे खेळ फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावे लागले. शिवाय चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, कडाक्याची थंडी असते, ती तोवर संपलेली असते. बर्फ कमी पडला तरी आपण राहायला गेलोय, त्यामुळे फुकट गेलं असं होणार नाही.

आई, तू "काश्मीर नको" का म्हणतेस ते मला माहितीये. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला जे झालं, त्यात आपल्या डोंबिवलीचीही माणसं गेली, ते आपण कोणीच विसरलेलो नाही. त्यावर "काही होत नाही गं" असं मी म्हणणार नाही, कारण ते मला म्हणता येत नाही. मी एवढंच केलंय की हॉटेल असं बघतेय जे रद्द केलं तर पैसे परत मिळतील, आणि दुसरा पर्याय तयार ठेवलाय, मनाली आणि सोलंग. सोलंगही अडीच हजार मीटरच्या आसपास, मनालीपासून तेरा-चौदा किलोमीटर, नवशिक्यांना उतार चांगला, आणि २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून ९.०२ किलोमीटर बोगद्यातून थेट लाहौलच्या बाजूला बर्फात जाता येतं. मनाली त्याहून खाली आहे म्हणून राहायला तुम्हाला सोपंच जाईल. फक्त बसचा प्रवास लांब. उत्तराखंडमधल्या औलीचाही विचार केला होता, समोर नंदादेवी आणि जोशीमठचं नृसिंह मंदिर म्हणून तुला आवडलं असतं, पण जमीन खचायला लागल्यापासून जानेवारी २०२३ पासून जोशीमठहून औलीला जाणारा रोपवे बंद आणि ऋषिकेशपासून अख्खा दिवस घाटाचा रस्ता, तो तुझ्या पाठीला नको. तेव्हा तुझ्या मनाला काश्मीर नाहीच पटलं तर मनाली, मी वाद घालणार नाही, बाबांनीही घालायचा नाही.

(आणि कटऱ्यापर्यंत आलोच आहोत तर वैष्णोदेवी, हा विचार तुझ्या मनात आलाच असणार. या वेळी नको. त्यासाठी वेगळं जाऊ, नीट.)

कपड्यांचं फार टेन्शन घेऊ नका. सुती मोजे मात्र नकोत, ओले झाले की पाय गारठतात, लोकरीचे घेऊ. आत थर्मल, वर स्वेटर, वर जाड जॅकेट, जॅकेट आणि गमबूट गुलमर्गच्या खालच्या टंगमर्ग गावात भाड्याने मिळतात. बुटाला लावायच्या काट्यांच्या पट्ट्या मी दोघांसाठी मागवल्यात, घसरायची भीती त्याने खूप कमी होते. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय म्हणून गॉगल चांगला घ्यायचा, ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो. खोलीत गॅसचा हीटर असेल तर खिडकी थोडी उघडी ठेवायची आणि झोपताना हीटर बंद करायचा, कांगडीसुद्धा (निखाऱ्यांची छोटी शेगडी) बंद खोलीत रात्रभर ठेवायची नाही, कोळशाचा धूर दिसत नाही तरी कार्बन मोनॉक्साईड साठतो. खाण्याचं म्हणाल तर राजमा, हाख म्हणून पालेभाजी, नद्रू म्हणजे कमळाचे देठ, कहवा, सगळं आईला चालेल असं आहे, तरी मेतकूट आणि भाजणी घेऊया कारण बाबांना तिसऱ्या दिवशी आठवण येतेच. हो, आणि प्रीपेड सिम तिथे चालत नाही, बाबांचं पोस्टपेड करून घेते, आईला माझा फोन.

ट्रेनचं बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, खालचे बर्थ सीनियर सिटिझनच्या कोट्यात पटकन जातात, म्हणून मला या रविवारी हो किंवा नाही हवंय, "बघू" नको. बाबा, दोघांच्या आधार कार्डाचे फोटो पाठवून ठेवा, मागच्या वेळी आईच्या कार्डावरचं नाव अर्धंच आलं होतं फोटोत, ते नीट बघा. डॉक्टरांची वेळ मी शनिवारची घेऊन टाकतेय.

तुमची,
मनू